परमिट रूम किती वाजेपर्यंत?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जेवणाचे हॉटेल आहे. मालक माझे जुने पेशंट. गेल्या महिन्यात ते दवाखान्यात आले ते नेहमीप्रमाणे ब्लडप्रेशर दाखवायला नव्हे, तर हातात एक जाड फाईल घेऊन. हॉटेलला परमिट रूम जोडायची आहे, शेजाऱ्यांची हरकत नाही असे दाखवायला सह्या गोळा करतोय, पहिली सही डॉक्टरसाहेबांची हवी, असे त्यांचे म्हणणे. फाईलमध्ये वर्तमानपत्राचे एक कात्रणही होते. राज्य सरकारने हॉटेले चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली, अशी ती बातमी. "आता वेळेचाही प्रश्न मिटला," ते म्हणाले.

वाचकहो, येथेच पहिला गैरसमज दूर करतो, कारण नांदेडात आणि लातुरातही मी तो अनेकांकडून ऐकला आहे. १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने दुकाने, हॉटेले चोवीस तास चालवायला मुभा दिली हे खरे. पण परमिट रूम, बिअर बार, वाईन शॉप, थोडक्यात जेथे दारू विकली किंवा दिली जाते अशी ठिकाणे त्यातून वगळलेली आहेत. त्यांना वेळेचे बंधन पूर्वीसारखेच आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या मोठ्या शहरांत रात्री दीडपर्यंतची मुभा असते. नांदेडला १९९७ साली आणि लातूरला २०११ साली महापालिका झाली, पण आयुक्तालय दोन्हीकडे नाही, त्यामुळे आपल्याकडे शटर त्याआधीच खाली येते. शिवाय दारूचा परवाना महापालिका देत नाही. ती ना-हरकत देते, बांधकाम पाहते. परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा आणि तपासणी राज्य उत्पादन शुल्क विभागाची, म्हणजे लोकांच्या तोंडचे अबकारी खाते. मालकांना हे सारे ठाऊक होते. त्यांना दीड वाजेपर्यंतची वेळ हवी होती आणि आज ना उद्या ती मिळेल अशी आशा होती.

मी त्यांना चहा सांगितला आणि सही लगेच केली नाही.

एक गंमत सांगतो. ज्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यावर आपल्या राज्यातला हा सारा कारभार आजही चालतो, त्यात 'आरोग्य परवाना' नावाचे एक स्वतंत्र कलम आहे. आरोग्यासाठी दारू आवश्यक आहे असे ठरले की परवाना! गुजरातेत तर तो प्रकार अजून जोरात आहे. म्हणजे आम्हा डॉक्टर मंडळींना या व्यवहारात पहिल्यापासूनच ओढलेले आहे. आता मात्र वैद्यकशास्त्राची भाषा वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. दारू कर्करोगकारक असल्याचे तर १९८८ सालीच जाहीर झाले होते. 'रोज एक पेग हृदयाला बरा' हे वाक्य पूर्वी आमच्याच काही भाईबंदांनी लोकांना ऐकवले. ते आता विसरा.

पण मुद्दा वेळेचा. एक तासाने असा काय फरक पडतो, असे मालक विचारत होते. त्याचे उत्तर यकृतात आहे.

आपण खाल्लेले अन्न शरीर साठवते, दारू साठवत नाही. ती जाळावीच लागते आणि ते काम जवळजवळ सगळे यकृत करते. त्याचा वेग ठरलेला आहे. साधारण माणसाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल संपवते. लिंबू पिळा, कडक कॉफी द्या, डोक्यावर थंड पाणी ओता, हा वेग वाढत नाही. माणूस जरा जागा होतो एवढेच.

आता हिशेब पाहा. व्हिस्की-रमचा ६० मिलिचा मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल. १८० मिलिची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. आणि 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजेच दोन मोठे पेग. दोन बाटल्या घेणारा माणूस क्वार्टर घेणाऱ्याच्याही पुढे असतो आणि वर त्याला वाटते की आपण पितच नाही.

पासष्ट किलो वजनाचा एक माणूस धरा. त्याने रात्री ११ ला बसून १ वाजेपर्यंत एक क्वार्टर संपवली. पहाटे ५ वाजता त्याच्या १०० मिलि रक्तात अजून ४५ ते ५० मिलिग्रॅमच्या घरात अल्कोहोल असते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. हा माणूस चार तास झोपला आहे, तोंड धुतले आहे, चहा घेतला आहे. त्याला वाटते की उतरली. आणि तो दुधाची गाडी किंवा वडाप जीप घेऊन लातूर-नांदेड रस्त्याला लागतो. हाच माणूस ९ ला बसून ११ ला उठला असता तर पहाटे ५ ला मर्यादेच्या आत आला असता. रात्रीचे दोन तास असे पहाटेच्या रस्त्यावर उतरतात. रात्री दोनला नाकाबंदी लागते. पहाटे पाचला तोंडाचा वास कोण घेतो?

आणखी एक गोष्ट. शेवटचा घोट घेतल्यावरही अर्धा-पाऊण तास रक्तातले प्रमाण चढतच असते. सोबत तळलेले, मटणाचे भरपूर खाल्ले असेल तर आणखी उशिरा चढते. म्हणजे बिल देऊन 'मी एकदम ठीक आहे' म्हणत जो मोटारसायकलला किक मारतो, त्याची खरी नशा घराच्या वाटेवर येते.

परदेशात यावर अभ्यास झाले आहेत. नॉर्वेतील १८ शहरांत बार बंद होण्याची वेळ वेगवेगळ्या काळी पुढे-मागे झाली, त्याची पाहणी झाली. एका तासाच्या फरकाने रात्रीच्या मारामाऱ्यांत सुमारे १६ टक्क्यांचा फरक पडला. नॉर्वे फार दूर वाटत असेल तर ब्राझीलमधील दियादेमा घ्या. साओ पावलोजवळचे हे कामगारांचे, गरिबीचे शहर खुनांसाठी बदनाम होते. तेथे जुलै २००२ पासून रात्री ११ नंतर दारूविक्री बंद केली. दरमहा सुमारे ९ खून टळले, असा अंदाज संशोधकांनी २००७ साली मांडला. दारू बंद केली नव्हती, फक्त घड्याळ मागे आणले होते.

मालकांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपली बाजू मांडली. ती मी येथे देतो, कारण ती पोकळ नाही. "साहेब, माझ्याकडे बंद झाले म्हणून लोक घरी जातात का? पार्सल घेतात आणि गाडीत, शेतात, पुलाखाली बसतात. माझ्याकडे उजेड आहे, जेवण आहे, कोणी पडला तर उचलायला पोरे आहेत."

हे मला मान्य करावे लागले. उपाशीपोटी अंधारात गटागटा ढोसण्यापेक्षा टेबलावर बसून जेवणासोबत घेणे कमी वाईट. बंदीनेच प्रश्न सुटतो असेही मी म्हणणार नाही. वर्ध्याला १९७४ पासून, गडचिरोलीला १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आहे. अधिकृत दारू मिळेनाशी झाली की हातभट्टी येते, आणि हातभट्टीत मिथेनॉल मिसळले गेले की काय होते ते मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये दिसले. शंभरावर माणसे गेली. आपल्या देगलूर, बिलोली, धर्माबाद पट्ट्यातील पेशंटकडून मी शिंदीची चौकशीही आवर्जून करतो, कारण सीमेपलीकडे तेलंगणात शिंदीत झोपेच्या औषधांची भेसळ अनेकदा पकडली गेली आहे. अशी शिंदी एकदम सुटली तर माणसाला झटके येतात, भ्रम होतो. दारूचेही तेच. रोज पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर एका दिवसात सोडली आणि तिसऱ्या दिवशी हात थरथरत भिंतीवर किडे दिसू लागले, असे पेशंट मी पाहिले आहेत. सोडायची असेल तर जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून सोडा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत उपचार होतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत.

"पोरे आहेत उचलायला," हे त्यांचे वाक्य मात्र मी पकडले. पोरे उचलून काय करतील? बाकावर निजवतील आणि म्हणतील, 'चढलीय, झोपू दे, सकाळी उतरेल.' या एका वाक्याने किती माणसे गेली असतील याची गणती नाही. अंबाजोगाईला इंटर्नशिप करताना एका माणसाला बैलगाडीतून आणले होते. रात्री पिऊन ओट्यावरून पडला, घरच्यांनी घोंगडी टाकून झोपवले. तो झोपला नव्हताच. डोक्यात रक्तस्राव होऊन बेशुद्ध पडला होता. सकाळी आमच्याकडे आला तेव्हा एक बुबुळ मोठे झाले होते. काही करता आले नाही.

दुसरा प्रसंग पाच-सहा वर्षांपूर्वीचा. रात्री साडेअकराला एका मधुमेही गृहस्थांना रिक्षात घालून आणले. तोंडाला वास, बोलणे अडखळत, अंगाला दरदरून घाम. आणणारे हसत होते. साखर तपासली तर ३८. गृहस्थांनी संध्याकाळची गोळी घेतली, तीन पेग घेतले आणि जेवण 'नंतर' म्हणून ठेवले. पोटात अन्न नसले की यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते. पण दारू जाळण्यात गुंतलेले यकृत ते काम बाजूला ठेवते. त्यात साखरेची गोळी किंवा इन्सुलिन. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत ते उठून बसले आणि चष्मा शोधू लागले. रात्री दीडपर्यंत बसायची सोय असती तर ते दीडला आले असते, किंवा आलेच नसते.

म्हणून मी मालकांना एका कागदावर लिहून दिले. पिऊन पडलेल्याला उताणे झोपवू नये, कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी घशात जात नाही. एकटे सोडू नये. हलवून, चिमटा काढूनही जागा होत नसेल, श्वास संथ आणि घरघरीचा असेल, डोक्याला मार असेल, झटका आला असेल, तर १०८ ला फोन. मधुमेही असेल आणि गिळता येत असेल तर साखर घातलेले पाणी द्यावे, बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. हा कागद गल्ल्याजवळ चिकटवा, असे सांगितले. परमिट रूम असो नसो, आपल्या घरातही तो असायला हरकत नाही.

त्यांना मी आणखी एका गोष्टीची आठवण दिली. आपल्या या दोन्ही गावांत बाहेरून शिकायला आलेली हजारो मुले आहेत. 'लातूर पॅटर्न'ने गावाचे नाव केले, नांदेडातही क्लासेसची गर्दी आहे. ही सतरा-अठरा वर्षांची मुले रात्री बारापर्यंत अभ्यास करून खायला बाहेर पडतात. कायद्याने बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षे पूर्ण लागतात. काउंटरवर ओळखपत्र कोण मागतो? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. त्या मुलाला आधी दारू दिल्याचा आरोप पोलिसांनी ज्या बारवाल्यांवर ठेवला, तेही कधीतरी अशीच फाईल घेऊन फिरले असतील. मालक त्यावर काही बोलले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा अकरावीला आहे.

वॉर्डातल्या बायकांचे काय, हेही विचारले. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर 'उभी बाटली, आडवी बाटली' असे गुप्त मतदान घेण्याची तरतूद आहे, हे त्यांना माहीत होते. सह्यांच्या कागदावर मात्र तोवर एकाही बाईचे नाव नव्हते.

शेवटी मी सही केली का? अर्धी केली म्हणा. कागदावर लिहिले की जेवणासोबत परमिट रूमला माझी व्यक्तिशः हरकत नाही, मात्र रात्री ११ नंतर दारू देण्यास हरकत आहे, आणि खाली सही केली. असा कागद फाईलला लावता येतो की नाही ते अबकारीवाले जाणोत. मालक थोडे हिरमुसले. "अकरानंतरच तर खरा गल्ला," ते पुटपुटले.

मग मी त्यांचे ब्लडप्रेशर घेतले. १६४ आणि १००. गोळी वेळेवर घेता का, विचारले. "दुपारची चुकते," म्हणाले. रात्री जेवण किती वाजता? "हॉटेल आवरून, साडेअकरा." झोप पाच तास. वजन वर्षात चार किलोंनी वाढलेले. गिऱ्हाइकांच्या यकृताची चर्चा आम्ही पाऊण तास केली होती, आणि दीड वाजेपर्यंत गल्ल्यावर जो माणूस बसणार, दोन वाजता जेवणार, तो समोरच होता. मी फाईल त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली आणि रिकाम्यापोटीच्या साखरेची चिठ्ठी लिहून दिली. मंगळवारी सकाळी येतो म्हणाले आहेत. फाईल अजून माझ्याकडेच आहे.