मेणाआधीची मशागत

पावसाळा सरला की गोंदिया परिसरातील अनेक कुटुंबे सुटीच्या दिवशी इटियाडोहची वाट धरतात. कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव असा तो रस्ता. दुतर्फा धानाची शेते, मधूनच दाट झाडी आणि अखेरीस गाढवी नदीवरील मातीच्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय. परतीला अंधार पडला की दिव्यांच्या झोताकडे कीटकांचे थवे झेपावतात. घरी पोहोचेपर्यंत गाडीच्या दर्शनी भागावर त्यांचे डाग पडलेले असतात, चाकांमागे डांबराचे ठिपके उडालेले असतात आणि सावलीसाठी ज्या झाडाखाली गाडी उभी केली, त्याचा चीक टपावर सुकलेला असतो. दिवाळी तोंडावर आलेली असल्याने गाडी धुऊन लगेच मेणाचे पॉलिश चढविले जाते. गाडी चमकते खरी. पण त्या चमकेवरून हात फिरविला तर तळव्याला खरखर जाणवते.

या खरखरीतच सारे मर्म आहे. मेण घाण काढीत नाही, ते तिला झाकते. खाली धूळ, लोखंडाचे कण व डांबर तसेच राहिले, तर मेण रंगाला नीट धरत नाही आणि थोड्याच दिवसांत उतरते. शिवाय फडक्याने पॉलिश घासताना तेच कण सॅंडपेपरसारखे रंगावर फिरतात. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुधा असेच उमटतात.

आजच्या मोटारीवर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या साऱ्यांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, तर क्लिअर कोटची केवळ 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा थर म्हणजे मुद्दल. ओरखडे घालविण्यासाठी यंत्राने केलेले प्रत्येक पॉलिश या मुद्दलातून थोडे खर्ची घालते आणि संपलेले मुद्दल भरून येत नाही. मग तो भाग नव्याने रंगविणे एवढाच उपाय उरतो. म्हणून घासण्याआधी सोडविणे, हा या कामाचा पहिला नियम.

पृष्ठभाग खरोखर स्वच्छ आहे का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. धुतलेल्या, ओल्या गाडीवरून पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे अलगद फिरवावीत. उघड्या बोटांना न कळणारे कणही पिशवीतून स्पष्ट जाणवतात. असे चिकटून बसलेले कण साबणाने निघत नाहीत. ब्रेकमधून उडणारा लोखंडाचा भुगा किंवा रेल्वेमार्गाजवळची लोहधूळ रंगात रुतते आणि ओलाव्याने गंजून बारीक तांबूस ठिपके पाडते. गोंदियासारख्या मोठ्या जंक्शनच्या गावी पांढऱ्या गाड्यांवर ते विशेष उठून दिसतात.

यावरचा उपाय म्हणजे ‘क्ले बार’, कणकेसारखी मळता येणारी कृत्रिम मातीची वडी. जपानमध्ये ती विकसित झाली आणि 1990च्या दशकात तादाओ कोदाते यांच्या नावे अमेरिकेत तिचे पेटंट नोंदले गेले. ही वडी रंगावर उंच उठलेले कण धरून ओढून घेते.

कामाचा क्रम असा ठेवावा. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना घ्यावी. कीटकांच्या डागांवर ओले फडके दहा मिनिटे ठेवून ते भिजू द्यावेत. कोरडे खरवडू नयेत. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शांपूचे पाणी व दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी, आणि टपापासून खाली धूत यावे. डांबराचे ठिपके त्यासाठीच्या द्रावणाने फडक्यावर घेऊन पुसावेत. त्यानंतर वडीचा छोटा तुकडा तळव्यात चपटा करून, शांपूच्या भरपूर पाण्याने ओल्या केलेल्या हातभर जागेवर फिरवावा. दाब अगदी हलका असावा. हात सरळ रेषेत पुढे-मागे जावा, गोल नव्हे. आधी वडी अडखळते, आवाज करते. कण निघाले की ती लोण्यासारखी घसरू लागते. तुकडा वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी. तो जमिनीवर पडला तर मोह न धरता टाकून द्यावा. त्याला लागलेला एक खडा साऱ्या गाडीवर रेघा ओढील. वर्षातून एकदा, फार तर दोनदा हे पुरे. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र हा प्रयोग करू नये.

पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला की मेणाचा अत्यंत पातळ थर पुरतो. येथे डब्यावरील घटक वाचणे अगत्याचे आहे. काही मेणांत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते. ब्राझीलमधील ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण किंवा कृत्रिम सीलंट हे त्याला उत्तम पर्याय आहेत. मात्र कार्नौबाच्या डब्यातही मिश्रण असू शकते. पुसण्यासाठी शॅमॉय चामड्याऐवजी मायक्रोफायबरचे फडके घ्यावे. ते रंगालाही अधिक मानवते.

पाण्याचा विचारही याच ओघात येतो. नळीने धो-धो धुण्याऐवजी दोन-तीन बादल्यांत गाडी स्वच्छ होते. सहलीला गेल्यावर जलाशयाच्या काठी किंवा कालव्यात गाडी धुण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. इटियाडोहचे पाणी गोंदियासह शेजारच्या जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांत जाते. गाडीवरून निघालेले तेल, डांबर व साबण त्या पाण्यात मिसळणे म्हणजे आपली चमक दुसऱ्याच्या शेताच्या माथी मारणे होय.

आणि सर्वांत परिणामकारक स्वच्छता तर कोणत्याही डब्यात मिळत नाही. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत जलाशयावरून तासभर आधी, उजेड असतानाच निघाले, तर दिव्यांवर झेपावणारे असंख्य जीव वाचतात आणि दुसऱ्या दिवशी भिजवावे लागणारे डागही पडत नाहीत. जयणा आणि गाडीचा रंग, दोन्ही एकाच निर्णयाने राखले जातात. शेतकरी पेरणीआधी मशागत करतो, त्यात पिकाचे निम्मे यश असते. गाडीच्या चकाकीचेही तसेच आहे: मेण शेवटी येते, पण काम त्याआधीच झालेले असते.