विजेरीसाठी लिथियम घट

विजेरीत (टॉर्चमध्ये) वापरण्यात येणारे लिथियमाचे विद्युत् घट दोन प्रकारचे असतात. एकदा वापरून टाकून द्यावयाचा तो प्राथमिक घट व पुन्हापुन्हा विद्युत् भारित करता येतो तो द्वितीयक किंवा संचायक घट होय. दोहोंच्या वेष्टनांवर लिथियमाचे नाव असते आणि काहींचे आकारमानही जवळजवळ सारखे असते. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसविण्यास हरकत नाही, असा समज सहज होतो. या समजापायी विजेरी निकामी होते आणि क्वचित प्रसंगी घट पेटतो.

लिथियम हा सर्वांत हलका धातू असून त्याचे प्रमाणित विद्युत् अग्र वर्चस् –३·०४ व्होल्ट आहे. यामुळे थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविता येते. प्राथमिक घटातील ऋणाग्र प्रत्यक्ष लिथियम धातूचे असते. धनाग्र मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचे असल्यास घटाचा विद्युत् दाब सु. ३ व्होल्ट असतो. लोह डायसल्फाइडाचे असल्यास तो सु. १·५ व्होल्ट असतो व असा घट नेहमीच्या पेन्सिल सेलच्या जागी चालतो. संचायक घटात धातुरूप लिथियम नसते. लिथियमाचे आयन ग्रॅफाइट व धातूचे ऑक्साइड यांच्या थरांमध्ये ये-जा करतात. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये असे घट प्रथम बाजारात आणले. त्यांच्या विकासाबद्दल जॉन बी. गुडइनफ, एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निवड करताना प्रथम विद्युत् दाब पहावा लागतो. ‘सीआर १२३ए’ हा प्राथमिक घट १७ मिमी. व्यासाचा व ३४·५ मिमी. लांबीचा असून त्याचा दाब ३ व्होल्ट व क्षमता सु. १,५०० मिलिअँपिअर-तास असते. जवळजवळ याच आकाराच्या ‘१६३४०’ या संचायक घटाचा दाब ३·७ व्होल्ट मानतात. परंतु पूर्ण भारित असताना तो ४·२ व्होल्टपर्यंत असतो. म्हणजे दोन घटांच्या विजेरीत ६ व्होल्टऐवजी ८·४ व्होल्ट दाब येतो. तंतूचा दिवा त्याने तत्काळ जळतो, तर प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थाचा (एलईडीचा) दिवा टिकेल की नाही, हे त्याच्या नियंत्रक मंडलावर अवलंबून असते. शिवाय या लहान संचायक घटाची क्षमता प्राथमिक घटाच्या सुमारे निम्मीच असते. संचायक घट दुबळे असतात हे मत बहुधा यावरून पडले असावे. पण ते सरसकट खरे नाही. १८ मिमी. व्यासाच्या व ६५ मिमी. लांबीच्या ‘१८६५०’ या घटात साधारणपणे २,५०० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास विद्युत् भार मावतो. त्यातील ९ ते १२·५ वॉट-तास ऊर्जा ही दोन ‘सीआर १२३ए’ घटांच्या एकत्रित ऊर्जेहून कमी भरत नाही. पांढरा प्रकाश देणाऱ्या द्विप्रस्थास सु. ३ व्होल्ट दाब लागतो, त्यामुळे असा एकच घट त्याला पुरतो. याहून दुप्पट-तिप्पट क्षमतेचे आकडे छापलेले ‘१८६५०’ घट विक्रीस असतात. ते आकडे खरे नसतात.

वापर किती वारंवार होतो, हा दुसरा निकष होय. शेतीपंपांना जेथे रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तेथे पिकाला पाणी देण्यासाठी शिवारात जाणाऱ्या शेतकऱ्यास विजेरी रोज तासन्‌तास लागते. विंचू-सापांपासून बचाव तिच्यावरच असतो. अशा वापरात प्राथमिक घटांचा खर्च परवडत नाही, तर संचायक घट काही शे वेळा भारित करता येतो. याउलट पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीसाठी बाजूला ठेवलेल्या विजेरीत प्राथमिक घटच योग्य. त्याचे आपोआप होणारे विसर्जन वर्षाला सु. एक टक्काच असल्याने तो दहा वर्षांपर्यंत उपयोगी राहतो. संचायक घट पूर्ण भारित करून उष्ण जागी ठेवल्यास न वापरताही त्याची क्षमता कायमची घटते. म्हणून तो सु. निम्मा भारित करून थंड जागी ठेवतात. हिमालयातील थंडीतही प्राथमिक घट सरस ठरतो. लोह डायसल्फाइडाचा घट –४०° से. पर्यंत चालतो. संचायक घट ०° से. खाली भारित केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियमाचा थर बसून तो धोकादायक बनतो.

प्राथमिक घट निर्धोक असतो असे मात्र नाही. एकसरीत जोडलेल्या घटांपैकी एक जुना व एक नवा असल्यास जुना आधी रिकामा होतो; नव्या घटाचा प्रवाह त्यातून उलट दाबाने जाऊ लागतो व तो तापून पेटू शकतो. विजेरीची जलाभेद्य नळी येथे घातक ठरते, कारण विषारी वायूंना बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने ती फुटू शकते. म्हणून सर्व घट एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलतात. प्राथमिक घट भारित करण्याचा प्रयत्न कधीही करीत नाहीत. संचायक घटाचा दाब सु. २·५ व्होल्टच्या बराच खाली गेल्यास आतील तांबे विरघळू लागते. मग तो पुन्हा भारित करणे इष्ट नसते. हे टाळण्यासाठी काही घटांत संरक्षक मंडल बसविलेले असते. जुन्या संगणकांच्या बॅटरीतून काढलेल्या सुट्या घटांत ते बहुधा नसते.

विमानप्रवासात सुटे लिथियम घट हातातील सामानातच नेण्याची मुभा असते. निकामी घट केरात टाकल्यास अग्रे एकमेकांना टेकून आग लागू शकते, यासाठी अग्रांवर चिकटपट्टी लावून ते संकलनासाठी देतात. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे घट गोळा करून त्यांच्या पुनश्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.