‘शो’ची हौस आणि पोकरचे गणित

तीन पत्तीत एक जुना अन्याय आहे आणि घाटकोपर-मुलुंडच्या कुठल्याही बैठकीत तो कुणी दुरुस्त केलेला नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२, तर प्युअर सिक्वेन्स ४८. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, पण मान ट्रेलचा. हातात तीन एक्के आल्यावर हिशेब कोण करत बसतो!

याच्या पुढची पायरी मात्र हिशेबाला धरून आहे. तीन पानांत साधी सिक्वेन्स ७२० प्रकारे लागते आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून सिक्वेन्स मोठी. पोकरमध्ये पाने पाच होतात आणि सगळे उलटते. तिथे कलर ५,१०८ प्रकारे लागतो, सिक्वेन्स १०,२०० प्रकारे, म्हणून कलर मोठा. तीन पत्तीवर वाढलेला माणूस पहिल्यांदा पोकरला बसला की इथे हमखास आपटतो. तो सिक्वेन्स ऐटीत उघडी करतो आणि समोरचा शांतपणे पाच बदाम मांडतो.

पत्त्यांच्या बाबतीत उपनगरांत दोन घराणी मानायला हरकत नाही. एक मेंढीकोट आणि तीनशेचारचे. मांडीवर आडवी बॅग ठेवून लोकलच्या डब्यात खेळणारे, चारही दश्श्या कुठे गेल्या आणि हुकमाची किती पाने बाहेर आहेत हे पाठ ठेवणारे. दुसरे घराणे तीन पत्तीचे. गुजराती-कच्छी घरांत सातम-आठमला सुरू होणारे आणि दिवाळीत सगळ्या सोसायटीला कवेत घेणारे. पहिल्यात स्मरणशक्ती लागते, दुसऱ्यात छाती. न बघता खेळणाऱ्याला तीन पत्तीत निम्म्या पैशांत चाल मिळते, म्हणजे धाडसाला नियमानेच सवलत. पोकरला यातले एकही घराणे जसेच्या तसे चालत नाही. प्रत्येक डावाला पाने नव्याने पिसली जात असल्याने गेलेली पाने लक्षात ठेवून उपयोग नाही. लक्षात ठेवायची ती माणसे. आणि न बघता खेळण्याला तिथे कसलीच सवलत नाही.

खुद्द पोकरची खेळण्याची तऱ्हाही पन्नास वर्षांत कितीदा तरी बदलली. लास वेगासमधली जागतिक स्पर्धा १९७० साली सुरू झाली तेव्हा टेबलावर टेक्सासचे मुरलेले जुगारी होते. त्यांचे सगळे शास्त्र समोरच्याच्या चेहऱ्यावर आणि हातांच्या चाळ्यांवर. त्यांच्यातल्या डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ ही दोन्ही वर्षे जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी-दुर्री, म्हणजे कुणीही शहाणा पहिल्याच फेरीत टाकून देईल अशी पाने. नंतर त्यानेच आक्रमक खेळावर जाडजूड पुस्तक लिहिले. १९८७ साली डेव्हिड स्क्लान्स्कीने पोकरचा सिद्धान्त पुस्तकात मांडला आणि अभ्यासू खेळाडूंची पिढी आली. त्यांचा मंत्र एकच : थोडे डाव खेळा, पण खेळाल ते जोरात.

मग २००३. क्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकी हिशेबनीस इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता स्पर्धेतून वेगासला पोचला आणि ८३९ जणांत पहिला आला. बक्षीस पंचवीस लाख डॉलर. जगभरची पोरे संगणकाला चिकटली. एका वेळी आठ-दहा टेबले खेळणाऱ्या या पोरांना दिसायला चेहराच नव्हता. त्यांनी आकडे वाचले. कोण किती डावांत उतरतो, किती वेळा चाल वाढवतो, याची टक्केवारीच त्यांच्या पडद्यावर असे. म्हाताऱ्यांचा संयमी खेळ त्यांनी नुसत्या माऱ्याने मोडून काढला.

त्यांनाही गुरू भेटला, तो यंत्राच्या रूपात. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने चार कसलेल्या व्यावसायिकांना वीस दिवस आणि १,२०,००० डाव खेळवून हरवले. यंत्र कसे विचार करते ते एका उदाहरणाने बघू. पॉटमध्ये शंभर रुपये आहेत, शेवटचे पान उघडले आहे, समोरच्याने शंभराची चाल केली. तुम्ही शंभर घालून दोनशे मिळवू शकता. तो तीन चालींमागे एकदा थाप मारत असेल, तर तुम्ही पैसे घाला की पाने टाका, लांबच्या हिशेबात फरक शून्य. त्याने थापा वाढवल्या तर तुम्ही दर वेळी पैसे घालावेत, कमी केल्या तर दर वेळी पाने टाकावीत. यंत्र हे प्रमाण पाळते. म्हणून त्याला पकडता येत नाही. आजचा व्यावसायिक घरी बसून ही प्रमाणे घोकतो. मला हा खेळ बघायला थोडा रुक्ष वाटतो, पण तो हरवणे कठीण, यात शंका नाही.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आणि एकदम आले. मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांवर टेबले लागली, मुंबईकर शनिवार-रविवार गाठून पणजीला जाऊ लागले. पाठोपाठ अड्डा५२, पोकरबाजी अशी अ‍ॅप आली आणि बोरिवलीहून निघालेला माणूस चर्चगेट येईपर्यंत मोबाइलवर पोकर खेळू लागला. २०१८ मध्ये निकिता लूथर हिने वेगासच्या जागतिक मालिकेत सांघिक स्पर्धेचे कडे जिंकले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

कायद्याचे तोंड मात्र कायम दोन दिशांना. मुंबईचा १८८७ चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना सोडून देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना, ती तीन पत्तीसारखी केवळ नशिबाची नाही, असे स्पष्ट म्हटले. पोकर या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिले. पश्चिम बंगालच्या कायद्याने ते जुगारातून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवले. ऑनलाइनपुरता हा वाद ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मिटवला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळवायचे ऑनलाइन खेळ बंद. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैशांची अ‍ॅप आटोपली.

म्हणजे डाव पुन्हा चटईवर आला, आणि तिथे यंत्राची विद्या फारशी कामाची नाही. थापेचे प्रमाण सांभाळायचे ते थापेला बिचकून पाने टाकणाऱ्यासमोर. आपल्याकडे पाने टाकतोच कोण? अंधेरी असो की मुलुंड, तीन पत्तीत मुरलेल्याला पैसे गेल्याचे दुःख कमी, समोरच्याची पाने न बघितल्याची रुखरुख जास्त. त्याला ‘शो’ हवाच असतो. अशा टेबलावर १९८७ ची तऱ्हाच आजही सगळ्यांत सरस आहे. तेव्हा यंदा गच्चीवर पोकरचा डाव बसलाच, तर चिंचोके लावून खेळा, थापा मारूच नका, आणि पाने चांगली आली की बिनधास्त मोठी चाल करा. कुणीतरी बघायला येणारच.