वगळण्याची विद्या

मालाची आवकजावक, गिऱ्हाइकांची खाती, कारखान्यातील उत्पादन आणि वर्षअखेरचा ताळेबंद असा पेढीचा सारा कारभार एकाच संगणकप्रणालीत सामावावा, आणि तिची आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता व सुधारता यावी, या उदार हेतूने २००१ साली ‘ओएफबिझ’ या मुक्तस्रोत प्रकल्पाचा आरंभ झाला. २००६ साली अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याचा अंगीकार केला आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी आपापल्या गरजेप्रमाणे त्यात भर घातली.

भर घालणाऱ्याला लाभ तत्काळ दिसतो. देखभालीचा भार मात्र मागाहून येणाऱ्यांवर पडतो. प्रत्येक घटक इतर घटकांना हाक मारतो आणि बाहेरच्या आज्ञासंग्रहांवर विसंबतो. त्यामुळे पायातील एक नियम बदलला की त्यावर उभ्या असलेल्या साऱ्यांची तपासणी करावी लागते, आणि त्यांतील कित्येकांचे कर्ते एव्हाना दुसऱ्या कामाला लागलेले असतात. ओएफबिझच्या मूळ चौकटीत ‘जीयूआयॲप’ हा घटक असाच राहिला होता. त्याचा उपयोग दुकानातील गल्ल्यावर बिल करणाऱ्या एकाच घटकाला होत असे. कामाचे टप्पे चालवणारी ‘वर्कफ्लो’ आणि ‘शार्क’ ही अंगेही निरुपयोगी होऊन पडली होती.

२०१२ साली ही प्रणाली सडपातळ करण्याचा प्रस्ताव प्रकल्पाच्या सभासदांपुढे आला. काही घटक मूळ प्रकल्पातच ठेवावेत, काहींना स्वतंत्र पूरक प्रकल्प म्हणून बाहेर काढावे आणि ज्यांना वाली उरला नाही त्यांची रवानगी अभिलेखागारात करावी, अशी त्याची तजवीज होती. आज्ञावलीचा संपूर्ण इतिहास दप्तरी जतन होत असल्याने वगळलेली ओळ पुन्हा मिळवता येते. कठीण असते ते तिच्यावर कोण अवलंबून आहे हे जाणणे. प्रकल्पाच्या आतील संबंध शोधून व चाचण्या चालवून कळतात. परंतु दूरच्या एखाद्या पेढीने तो घटक वापरात ठेवला आहे काय, हे उमगण्यास जाहीर विचारणा आणि धीर यांवाचून उपाय नाही.

वाली नसलेले घटक वेळीच वगळण्याच्या दक्षतेचे मोल डिसेंबर २०२३ मध्ये प्रत्ययास आले. एका संगणकाने दुसऱ्याकडून दुरून काम करवून घेण्याची ‘एक्सएमएल-आरपीसी’ ही सोय ओएफबिझमध्ये अद्याप कायम होती, मात्र ज्या आज्ञासंग्रहावर ती उभी होती त्याची देखभाल थांबलेली होती. या मार्गाने, ओळख न पटवताही, परक्याला आपल्या आज्ञा त्या यंत्रावर चालवता येत. १८.१२.१० या आवृत्तीत तो घटकच काढून टाकण्यात आला. तथापि त्याच महिन्यात संशोधकांनी दाखवून दिले की मूळ दोष प्रवेशाच्या तपासणीत होता: नाव व परवलीचा शब्द कोरा ठेवून ‘परवलीचा शब्द बदलणे आवश्यक’ एवढी खूण विनंतीत जोडली की पहारा तिला संमती समजे. ही दुरुस्ती १८.१२.११ मध्ये झाली.

म्हणून वगळणे हे निदानाची जागा घेऊ शकत नाही. पण जे वगळले त्याची राखण करण्यात वेचली जाणारी बुद्धी निदानासाठी मोकळी होते, हा त्याचा खरा लाभ. स्वतःचा आज्ञावलीकार नेमण्याची ऐपत नसलेल्या लहान पेढ्यांनी आपले हिशेब विश्वासाने अशा प्रणालींकडे सोपवावेत, असे वाटत असेल, तर नवा घटक दाखल करून घेतानाच त्याचे प्रयोजन आणि त्याचा जबाबदार पालक यांची नोंद झाली पाहिजे, आणि तो पालक निघून गेला की त्या घटकाच्या राहण्याचा फेरविचार त्याच आवृत्तीत झाला पाहिजे.