भिंतीतील गांधीलमाश्या

वाशीम जिल्ह्यातील इंझोरी घ्या, नाहीतर वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव घ्या. जुन्या भिंतीला एखादे बोटभर भोक असते. त्यातून पिवळ्या पट्ट्याची, तांबूस गांधीलमाशी बाहेर पडते. पाठोपाठ दुसरी आत शिरते. लगेच कोणीतरी म्हणते, "लिंपून टाका ते भोक!" विद्यार्थी मित्रांनो, हा उपाय सोपा वाटतो, पण तो धोक्याचा आहे. का, ते पाहू.

आधी या माश्यांना भिंतच का आवडते? दगडमातीच्या जाड भिंतीतून उष्णता फार सावकाश जाते. बाहेर मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला तरी आतील पोकळी त्या मानाने थंड राहते. पोळ्यातील अळ्यांना सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. उकाडा वाढला की माश्या तोंडातून पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. एवढी उष्णता काढून घेतली तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होईल! आपला माठ याच तत्त्वावर चालतो.

पोळ्याच्या षट्कोनी घरांची भिंत चक्क कागदाची असते. माशी लाकडाचे तंतू चावून, लाळेत मिसळून त्यांचा लगदा करते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७१९ साली हे पाहूनच लाकडापासून कागद करता येईल, असे सुचवले होते.

आता भोक बुजवल्यास काय होईल? आतील माश्या मरून जात नाहीत. त्यांचे जबडे बळकट असतात. त्या दुसरी फट शोधतात किंवा मऊ गिलावा कुरतडतात आणि थेट घरात उतरतात. शेतावरून परतलेल्या माश्या बाहेर घोंघावतात, त्या वेगळ्याच. रॉकेल टाकून पेटवणे तर त्याहून वाईट. कागदी पोळे आणि छताचे लाकूड दोन्ही भडकतात. मधमाशीची नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते. गांधीलमाशीची तशी तुटत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख करते.

मग करावे काय? प्रथम दूर उभे राहून ये-जा पाहा. भोक उंचावर, वर्दळीपासून दूर असेल तर ते तसेच राहू द्या. या माश्या पिकांवरील अळ्या पकडून आपल्या पिलांना भरवतात. भोक दाराशी किंवा शाळेच्या वर्गाजवळ असेल, तर माहीतगार माणसाकडून रात्री, पुरेसे संरक्षक कपडे घालून बंदोबस्त करवावा. मुलांनी तेथे जाऊ नये. डंखानंतर चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठावा.

ये-जा पूर्ण थांबली, पोळे रिकामे झाले, म्हणजे मात्र भोक जरूर बुजवा. काम तेच, फक्त वेळ बदलली. आणि धोका टळला!