मोटार चालू, पाणी बंद : सक्शनमधली हवा शोधायची कशी?

बाजारहत्नूर : मोटार घुंई करते, स्टार्टर खटकन बसतो, पण पाईपच्या तोंडातून पाणी येतं ते खोकत खोकत. मध्येच धार, मध्येच फुस्स, आणि पाच मिनिटांनी काहीच नाही. हरभरा फुलावर असताना ही तक्रार हमखास ऐकू येते. कुणी म्हणतो मोटारीनं पाणी सोडलं, कुणी म्हणतो हवा धरली. तेलुगू बोलणारा शेजारी 'गाली' आली म्हणतो. तेलुगूत गाली म्हणजे हवा, शिवी नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंना दुखणं एकच आहे, आणि बहुतेक वेळा मोटारीचा त्यात काही दोष नसतो. तरी आधी मोटारच सोडून गाडीवर घातली जाते, वाइंडिंग उघडलं जातं, बिल होतं. परत आणून बसवली की तेच खोकणं.

हे सगळं उघड्या विहिरीवरच्या आणि नाल्यावरच्या पंपांबद्दल आहे. बोअरमधल्या सबमर्सिबलला सक्शन पाईप नसतो, त्यामुळे त्याचं गणित वेगळं. पण कडेमच्या वरच्या अंगाला नाल्यांवर आणि जुन्या बावींवर अजून काठावरची मोनोब्लॉक मोटार किंवा डिझेल इंजिन दिसतं, तसंच पलीकडे किनवट-माहूरकडे.

मुळात पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, ते बरोबर नाही. पंप फक्त पाईपमधला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचं वजन असतं, ते वजन पाणी पाईपमधून वर ढकलतं. हे वजन समुद्रसपाटीला सुमारे 10.3 मीटर उंचीचं पाणी पेलतं, त्याहून जास्त नाही. इटलीतल्या तोरिचेल्लीनं 1643 मध्ये पाऱ्याच्या नळीवर हे दाखवलं. प्रत्यक्षात पाईपचं घर्षण, बेंड, फुटव्हॉल वगैरे धरून काठावरच्या पंपाला 6 ते 7 मीटर, म्हणजे वीस-बावीस फुटांपर्यंतच भरवसा ठेवावा.

आता खरी गोम. डिलिव्हरीच्या पाईपमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तिथं चीर पडली की पाणी उडतं आणि लांबून दिसतं. सक्शनच्या पाईपमध्ये दाब कमी असतो. तिथं चीर पडली की पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाईप वरून कोरडा ठणठणीत. म्हणूनच माणूस तासभर शोधतो आणि हाती काही लागत नाही. थोडी हवा गेली तर पाणी दुधाळ, पांढरट दिसतं. जास्त गेली तर पंपाच्या पोटात हवेचा गोळा बसतो आणि पंखा हवेतच फिरत राहतो.

स्टार्टरवर अँपिअरचा काटा असेल तर तो आधी बघावा. पाणी सुटलं की मोटारीवरचा भार कमी होतो, त्यामुळे काटा खाली येतो किंवा डुलत राहतो. काटा नेहमीपेक्षा वर असेल तर भानगड दुसरी आहे.

आधी पाणी बघा, मग जॉइंट

सगळेच बुडबुडे गळतीचे नसतात. सुरू केल्यावर पहिलं एखादं मिनिट बुडबुडे आले आणि मग धार स्वच्छ झाली, तर ती पाईपमध्ये राहिलेली हवा होती. सकाळी ठीक चालतं आणि दोन-तीन तासांनी खोकायला लागतं, तर विहिरीची पातळी उतरते आहे. अशा वेळी फुटव्हॉलच्या वर पाणी उथळ राहतं, पाण्यावर भोवरा पडतो आणि त्या भोवऱ्यातून हवा सरळ आत जाते. फुटव्हॉलवर किमान दोन-तीन फूट पाणी हवं. उन्हाळ्यात पाणी पंपापासून पंचवीस फूट खाली गेलं, तर दुनियाभरचे जॉइंट आवळून उपयोग नाही. पंपच खाली घ्यावा लागतो. पातळी भरपूर आहे आणि सुरू केल्यापासून बुडबुडे सारखेच येतात, तर मात्र गळती आहे असं समजून कामाला लागावं.

पहिली तपासणी मोटार बंद ठेवून करायची. सक्शन पाईप आणि पंप काठोकाठ पाण्यानं भरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. फुटव्हॉल धरून असेल तर आता पाईपमधला दाब उलटा, म्हणजे बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. चालू असताना जिथून हवा आत जात होती, तिथूनच आता पाणी पाझरतं. कोरड्या पाईपवर हात फिरवत गेलं की ओल लागते. पाईप कुठंच ओला नाही पण वरची पातळी उतरते आहे, तर फुटव्हॉलचं वायसर गेलं आहे किंवा त्यात काडी-कचरा अडकला आहे. रोज सकाळी नव्यानं पाणी भरावं लागतं ते बहुतेक याच्यामुळे.

या तपासणीत सगळंच सापडत नाही. काही चिरा पंप चालू झाला की उघडतात. म्हणून दुसरी तपासणी पंप चालवून करायची. सुरुवात पंपाजवळून. तिथं पाईप सगळ्यात उंच असतो, दाब सगळ्यात कमी असतो आणि जॉइंटही तिथंच जास्त. साबणाचा घट्ट फेस, दाढीचा चालेल, जॉइंटभोवती लावा. गळती असेल तिथं फेस आत खेचला जाऊन भोक पडतं. वारं नसेल तर उदबत्तीचा किंवा बिडीचा धूरही चालतो. धूर वळून जॉइंटकडे जातो. आणखी सोपं म्हणजे ओलं फडकं एकेका जॉइंटवर गुंडाळायचं आणि धारेकडे बघायचं. एखाद्या जॉइंटवर फडकं बसताच खोकणं थांबलं की तोच चोर. विहिरीवर काळ्या मातीचा चिखल थापून हीच परीक्षा पूर्वीपासून करतात.

एक गोष्ट लक्षात ठेवली तर काम अर्धं होतं : पाण्याखाली बुडालेला जॉइंट गळला तरी तिथून पाणीच आत येतं, हवा नाही. तिथं शोधत बसू नये.

पंपाचं ग्लँड हे आवडतं लपायचं ठिकाण. दोरी भरलेल्या ग्लँडमधून चालू असताना थेंब थेंब पाणी पडायलाच हवं. बरेच जण थेंब दिसला की नट आवळतात. मग दोरी कोरडी पडते, जळते आणि हवा घ्यायला लागते. मेकॅनिकल सील असलेल्या पंपाचं उलटं. तिथं थेंब पडायला नको. बंद असताना पडत असेल तर सील गेलं.

प्लास्टिकचा पाईप उन्हात वर्षानुवर्षं राहिला की बेंडपाशी तडकतो. रबरी सक्शनवाल्यांनी क्लँप बघावा. लोखंडी पाईपचे आटे उघडून साफ करून सफेदा-सुतळी किंवा टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं गुंडाळावी. फ्लँजचे नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावेत, नाहीतर रबर एका बाजूला दबतं. वेळ मारून न्यायची असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली तरी भागतं. डिलिव्हरीवर ही पट्टी पाणी उडवून लावतं, पण सक्शनवर बाहेरची हवाच तिला आत दाबून धरते.

गळती नसताना हवा अडकण्याचं एक कारण म्हणजे पाईपची चाल. विहिरीपासून पंपापर्यंत पाईप सतत चढता हवा. मध्ये कुठं उंटाची मदार झाली की तिथं हवेचा कप्पा तयार होतो आणि तो वारंवार पंपात सुटतो.

दोन राज्यं, दोन तऱ्हा

महाराष्ट्रात शेतीची वीज पाळीनं येते, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. दिवसाच्या आठात रोज एक तास पाणी भरण्यात आणि खोकण्यात गेला तर दोन आठवड्यांत 14 तास, म्हणजे जवळपास दोन पाळ्या वाया. तिथला शेतकरी गळतीला लवकर वैतागतो. तेलंगणात 1 जानेवारी 2018 पासून शेतीला 24 तास मोफत वीज जाहीर झाली. बिल नाही, पाळी नाही, त्यामुळे खोकणारी मोटार दिवसभर तशीच चालते आणि कुणाला घाई नसते. पण नुकसान वेगळं होतं. पंपातलं अडकलेलं पाणी तापतं, सील जळतं, आणि खर्च मग शेतकऱ्याच्याच खिशातून. त्यात ऑटो स्टार्टर असेल तर वीज येताच रिकामा पंप आपोआप फिरायला लागतो. 24 तास वीज देताना ऑटो स्टार्टर काढून टाका असं आवाहन तेलंगणा सरकारनं केलं होतं, त्यामागे पाण्याच्या उपशाची काळजी होती; पंपाच्या दृष्टीनंही ते शहाणपणाचंच आहे.

शहरातल्या पोहण्याच्या तलावावरचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलेला असेल तर त्याचंही दुखणं हेच. तिथं कचरा अडवणाऱ्या जाळीच्या भांड्याचं झाकण आधी बघतात. त्याची रबरी रिंग सुकली किंवा तिच्यावर वाळूचा कण राहिला की भांडं पूर्ण भरत नाही आणि तलावात बुडबुडे येतात. रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की बरेचदा काम होतं.

जॉइंट उघडण्याआधी मेन स्विच पाडावा, ऑटो बंद करावा आणि स्विचपाशी एक माणूस उभा ठेवावा. ओलं फडकं मोटारीच्या आणि वायरच्या बाजूला नेऊ नये. पाणी खाली गेलं म्हणून डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवण्याचा मोह टाळावा. त्याचा धूर विहिरीत साचतो आणि खाली उतरणारा माणूस गुदमरतो. फुटव्हॉल काढायला उतरायचं असेल तरी एकट्यानं उतरू नये, वर दोर धरणारा कुणीतरी हवाच.

दुरुस्तीनंतर पाईपचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून पाच मिनिटं बघावं. बुडबुडे थांबले आणि काटा एका जागी स्थिर राहिला की पाणी वाफ्याकडे वळवायला हरकत नाही.