ड्रायव्हर क्रॅश झाला, पण गुन्हेगार कोण?

मॅच शेवटच्या राउंडला आलेली असते. अचानक स्क्रीन काळी होते, हेडफोनमध्ये आवाज दोन सेकंद घरघरत राहतो आणि मग डेस्कटॉप परत येतो. गेम गेलेला असतो. कोपऱ्यात एक मेसेज असतो, की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, पण आता सावरलाय. तो सावरलाय, आपण नाही!

ग्रुपवर हे टाकलं की पाच मिनिटांत पाच निदानं येतात. 'कार्ड गेलं रे', 'फॉरमॅट मार', 'पीएसयू बदल'. गंमत म्हणजे सगळ्यात महागडा सल्ला सगळ्यात ठामपणे दिला जातो. आणि हा क्रॅश रोज होत नाही. तीन दिवस काही होत नाही, चौथ्या दिवशी दोनदा होतो. खरी डोकेदुखी तीच आहे.

आधी त्या मेसेजचा अर्थ समजून घेऊ. विंडोजमध्ये व्हिस्टाच्या काळापासून टीडीआर नावाची एक सोय आहे. ग्राफिक्स कार्डला काम दिलं आणि साधारण दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर विंडोज समजतं की कार्ड अडकलंय. मग ते ड्रायव्हर रीसेट करतं. म्हणजे मेसेजमध्ये नाव ड्रायव्हरचं असलं, तरी अडकण्याचं कारण ड्रायव्हरच असेल असं नाही. कार्ड गरम झालं असेल, त्याला वीज कमी पडली असेल, रॅमकडून चुकीचा डेटा आला असेल, तरी मेसेज तोच. रजिस्ट्रीत जाऊन दोन सेकंदांचे दहा करा, असा एक उपाय नेहमी सांगितला जातो. ब्लेंडरसारख्या जड कामात त्याचा कधी कधी उपयोग होतो, पण गेमच्या बाबतीत तो ताप मोजायचं थर्मामीटर लपवण्यासारखा आहे.

कधीपासून होतंय?

माझ्या वर्गातल्या एका मित्राचं उदाहरण सांगते. त्याच्या पीसीवर आमच्या पाच जणांच्या ग्रुपची शेवटच्या सेमिस्टरची डॉक्युमेंटरी एडिट होत होती आणि सबमिशनला नऊ दिवस उरले होते. आधी फक्त गेम क्रॅश व्हायचे, मग एक्स्पोर्ट करतानाही स्क्रीन काळी व्हायला लागली. कार्ड सेकंडहँड होतं, त्यामुळे संशय आपोआप त्याच्यावर गेला. दुकानदाराने पीसी उघडलाही नाही. 'कार्ड डेड होतंय, स्क्रॅपमध्ये चार हजार देतो, नवीन घेऊन जा,' म्हणाला. नवीन कार्ड सव्वीस हजारांचं होतं. म्हणजे त्याच्या रूमचं चार महिन्यांचं भाडं.

कार्ड वाचलं ते एका साध्या तक्त्यामुळे. स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप केलं, की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' दिसतं. त्यात दिवसागणिक काय बिघडलं, काय इन्स्टॉल झालं, याचं कॅलेंडर असतं. त्याच्या कॅलेंडरवर लाल फुल्या एका ठरावीक आठवड्यापासून सुरू होत होत्या. त्याआधी पाच महिने तेच कार्ड गुपचूप चाललं होतं. आणि फुल्या फक्त गेमच्या नव्हत्या. ब्राउझर बंद पडला होता, एका झिप फाइलने एरर दिली होती. ब्राउझरचं सोडा, पण झिप फाइल उघडायला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही!

त्याच आठवड्यात त्याने एडिटिंगसाठी आणखी १६ जीबी रॅम टाकली होती, वेगळ्या कंपनीची. रात्री मेमटेस्ट८६ लावून ठेवलं. चाळीसेक मिनिटांत लाल ओळी दिसायला लागल्या. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद केलं, रॅम ३२०० वरून २६६६ वर आली, टेस्ट पुन्हा लावली. सकाळपर्यंत एकही एरर नाही. एडिट वेळेत गेला. कार्ड अजून त्याच पीसीत आहे.

मोठ्या कंपन्याही फसतात

असं फक्त असेंबल केलेल्या पीसीतच होतं असं नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरचं प्रकरण आठवतंय? अनरिअल इंजिनवरचे गेम उघडताना लोकांना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' अशी एरर यायची. कार्डवर मेमरी भरपूर असायची, तरी येणार. बिघाड प्रोसेसरमध्ये होता, जास्त व्होल्टेजमुळे तो हळूहळू खराब होत होता. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते, ते अपडेटने बरे झाले नाहीत. तुमच्याकडे यातला वरच्या रेंजचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट आज करा, उद्या नको.

उलट उदाहरणही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं आणि क्लॉक दोन गिगाहर्ट्झच्या आसपास गेला की गेम बंद पडायचे. कार्डवरचे कपॅसिटर वाईट आहेत यावर रणधुमाळी माजली. महिनाअखेरीस एनव्हिडियाचा ४५६.५५ ड्रायव्हर आला आणि बऱ्याच जणांचे क्रॅश थांबले. म्हणून ड्रायव्हर कधीच दोषी नसतो, असंही नाही. तो स्वस्तात तपासता येतो म्हणून आधी तपासायचा. इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून उडवा आणि जो व्हर्जन नीट चालत होता तोच परत टाका. इंटरनेट काढायचं कारण हे की विंडोज अपडेट मधेच आपल्या मनाचा ड्रायव्हर घालून मोकळा होतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. ड्रायव्हर, केबल आणि रॅम एकाच संध्याकाळी बदललं तर क्रॅश थांबला तरी कशामुळे ते कळणार नाही. आणि घाईने जिंकल्याचं जाहीर करू नका. क्रॅश दोन दिवसांतून एकदा होत असेल, तर एक शांत संध्याकाळ म्हणजे काहीच सिद्ध झालेलं नाही. निदान आठवडा जाऊ द्या. ओव्हरक्लॉक केलं असेल तर ते सगळ्यात आधी काढा. कंपनीतूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेलं कार्ड असेल तर आफ्टरबर्नरमध्ये क्लॉक ५० ते १०० मेगाहर्ट्झने खाली आणून बघा. फ्रेम्समध्ये फरक जेमतेम जाणवतो.

वीज हा आपल्याकडचा खास विषय. स्लॉटमधून कार्डला ७५ वॉट मिळतात, आठ पिनच्या कनेक्टरमधून १५०. दोन कनेक्टरवाल्या कार्डला लोक एकाच केबलची दोन तोंडं लावतात. मोठ्या कार्डला पीएसयूपासून दोन स्वतंत्र केबल लावा, फुकटचा उपाय आहे. मात्र स्क्रीन काळी होऊन परत येत नसेल, अख्खा पीसीच फटकन बंद होत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसला साधारण ३६० वॉटच झेपतात. मोठं कार्ड आणि मॉनिटर त्यावर टाकून गेम लावला, की लाइट गेल्या क्षणी तो हात वर करतो. एक्स्टेन्शन बोर्डवर पीसीशेजारी इस्त्री लावणाऱ्या रूममेटबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

उन्हाळ्यात केसचं साइड पॅनेल काढून खेळून बघा. तेवढ्याने क्रॅश थांबला तर धूळ, फॅन किंवा वाळलेली थर्मल पेस्ट हेच कारण असण्याची शक्यता जास्त.

आणि कार्ड खरंच मेलंय हे कधी मानायचं? पीसी चालू करून बायोस उघडा. तिथे विंडोज नसतं, त्यामुळे विंडोजचा ड्रायव्हरही नसतो. तिथेही रंगीत ठिपके, चौकोन, फाटलेल्या रेषा दिसत असतील आणि मॉनिटर-केबल बदलूनही त्या जात नसतील, तर आरोप पक्का. तरी शक्य असेल तर मित्राच्या पीसीत दोन-चार दिवस घालून बघा. तिथेही तेच झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, बिल आणि सीरियल नंबर शोधा, आणि वॉरंटी असेल तर स्क्रूवरच्या स्टिकरला हात लावू नका. कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करायचे व्हिडिओ दिसतील. ओव्हन आईचा असतो आणि त्यात नंतर नानकटाईही होणार असते.